तुराट्यांची वजाबाकी

माझं अक्षर गिचमिड आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. चौथीनंतर शाळा सुटली. चारचौघींत बोलायला मला जमत नाही, म्हणून लेकीच्या शाळेतल्या बाईंबद्दल लिहून पाहते आहे.

त्या सकाळी मी हळदीच्या शेतात तण निंदत होते. तिसरीतली माझी दुर्गा बांधावरून पळत आली. "आई, आपल्या बाई वारल्या. झोपेतच..." ती रडली नाही. म्हणाली, "मग आता गणित कोण घेईल?"

बाईंची आणि माझी ओळख एका वजाबाकीमुळं झाली. संध्याकाळी चुलीपुढं मी दुर्गाला माझ्या वेळच्या रीतीनं शिकवायची. बावन्नातून सत्तावीस घालवायचे तर वरच्या दोनाचे बारा करायचे आणि त्याच्या बदल्यात खालच्या दोनाचे तीन. शाळेत बाई वरच्या पाचातला एक दशक सोडवून पाचाचे चार करायला शिकवत. दुर्गा दोघींचंही ऐकायची. वर पाचाचे चार, खाली दोनाचे तीन, आणि पंचविसाच्या जागी उत्तर पंधरा! रोज चुकून लेकरू रडकुंडीला आलं. "मी शाळेत जात न्हाई," म्हणत तिनं दप्तर कोपऱ्यात टाकलं. मला वाटलं, माझ्यामुळंच बिघडलं. मी शिकवणं सोडलं.

दोन दिवसांनी बाई दारात. "नंदाताई, काहून सोडलं हो शिकवणं?"

मी दाराआडूनच म्हटलं, "माझं जुनं हाय बाई. लेकराचा घोटाळा होऊन राहिला."

"मग घोटाळा दोघींचा हाय. उद्या शाळेत या. आन येताना तुराट्या आणा. तुमच्या शेतातल्या आखाड्यावर तुरीच्या वाळल्या काड्यांचा ढीग पडलाय, मी बघून ठेवलाय!"

दुसऱ्या दिवशी वर्गात बसून आम्ही तुराट्या बोटाएवढ्या मोडल्या आणि दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. रबरं संपली तेव्हा बाईंनी आपल्या वेणीचं काळं रबर काढून शेवटची जुडी बांधली. मग खडू माझ्या हातात दिला. पहिलाच आकडा फळ्यावर वाकडा उमटला आणि पोरं हसली. "हसता काहून रे? पहिल्या दिवशी माझा तर खडूच मोडला होता," बाई म्हणाल्या. मी माझ्या रीतीनं फळ्यावर मांडलं, पंचवीस आले. त्यांनी जुडी सोडून केलं, तरी पंचवीसच.

"दुर्गे, आईला बी खूश करायचं आन मला बी. त्या नादात तू एकच जुडी दोनदा देऊन बसलीस!"

सगळा वर्ग हसला, दुर्गाही हसली. बाईंनी ठरवून दिलं, "शाळेत माझी रीत, घरी आईची. पण एका गणितात एकच." त्या संध्याकाळी दुर्गानं कोपऱ्यातलं दप्तर आपणहून उचललं.

पुढं शनिवारी मीही वर्गात मागं बसू लागले. घरी काय शिजलं, ते बाई मला एका ओळीत लिहायला लावायच्या. आधी माझं लिहिलेलं मोठ्यानं वाचायच्या, "वा, आज शेंगदाण्याची चटणी!" आणि मग चुकलेला शब्द खाली बारीक अक्षरात लिहून द्यायच्या. माझ्या ओळीवर त्यांनी कधी रेघ मारली नाही... आत्ताही लिहिताना वाटतं, खाली कोणीतरी बारीक अक्षरात लिहील.

मागच्या आठवड्यात नव्या सरांनी दुर्गाबरोबर तुराट्या परत पाठवल्या. त्या ठेवायच्या डब्यावर बाईंनी लिहून ठेवलं होतं म्हणे, 'नंदाताईंच्या, परत द्यायच्या.' आमच्याकडं तुराट्या चुलीत जातात. या मी कोनाड्यात ठेवल्या.

काल संध्याकाळी दुर्गा चुलीपुढं बसली, जुड्या मांडल्या आणि विचारलं, "आई, कोणाच्या रीतीनं करू?"

घरी माझी रीत, असं ठरलेलं होतं. मी म्हटलं, "बाईंच्या."

तिनं काळ्या रबराची जुडी उचलली, हळूच सोडली आणि गणित होईपर्यंत ते रबर मनगटात घालून बसली. मग तुराट्या गोळा करून त्याच रबरानं जुडी पुन्हा बांधली.