काचसामान स्वच्छ होतं

"साबण राहिलाय यात. तुमच्या लोकांना स्वच्छता शिकवायची तरी किती?"

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी काचेचा चंबू उजेडाला धरला होता. समोर हौसामावशी. हात ओले, पदर खोचलेला. आमच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेचं सगळं काचसामान त्या धुवायच्या, रोजंदारीवर. मूळच्या भोर तालुक्यातल्या, भोंगवलीच्या. मी दोन हात अंतरावर उभी होते. संशोधन करणारी, नीटनेटकी, उत्रोलीकर आडनावाची मुलगी.

ते आडनाव मीच घेतलेलं. कॉलेजात असताना, गॅझेटात देऊन. खरं आडनाव सांगितलं की लोकांच्या कपाळावर आठी यायची. गावाच्या नावाला 'कर' लावलं आणि आठी गेली. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी विचारलं होतं, "उत्रोलीकर म्हणजे आमच्यातलेच ना?" मी नुसती हसले. त्या हसण्यावर चार वर्षं काढली.

फसला होता तो प्रयोग माझा. पेशीची दोन शकलं व्हायची तर तिच्यातलं एक प्रथिन आधी मोडीत निघावं लागतं. ते वेळेवर मोडलं नाही तर पेशी मधेच अडकते. ते मोडू न देणारं औषध आमच्याकडे होतं. अर्ध्या प्लेटांत घालायचं, अर्ध्यांत नाही, आणि फरक बघायचा. फरक दिसेना. सगळ्याच पेशी बिघडलेल्या. मॅडम म्हणाल्या, साबणानं मेल्या. मावशींना म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नका."

मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमना म्हणाल्या, "व्हय मॅडम, माझंच चुकलं आसंल."

दुपारी मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. पेशी मेल्या नव्हत्या. गुणसूत्रं मधोमध रांगेत लावून सगळ्या खोळंबल्या होत्या. मग फ्रीजमधल्या दोन सारख्या नळ्या पाहिल्या, एक औषधाची, एक नुसत्या द्रावकाची. द्रावकाची भरलेलीच होती, औषधाची रिकामी. औषध मी सगळ्याच प्लेटांत घातलं होतं.

मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशीही गप्प. जेवले, झोपले. सांगायला लाज वाटते, झोप लागलीसुद्धा.

तिसऱ्या दिवशी मावशी राहिलेला डबा न्यायला आल्या. मी त्यांना मोरीपाशी गाठलं.

"मावशी, चूक माझी होती."

"ठावं हाय. भांडं म्या तीनदा इसळलं व्हतं. मंग चूक परयोग करनारीचीच."

"मग बोलला का नाहीत?"

"उत्रोलीला भात लावायला याची म्या. तुजी आई अन् म्या एका खाचरात. आल्या दिशीच तुला वळखलं. आपली एक पोर हितवर आली, म्हनून गप बसले. म्या काय, कुठंबी भांडी घाशीन." डबा पिशवीत टाकला. "पर तू हितं किती दिस लपशील?"

चार वर्षं मावशी मला "मॅडम" म्हणत होत्या. माझं सोंग त्यांनी सांभाळलं होतं, आणि मी त्यांच्या पोटावर पाय दिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दुपारी सगळ्यांची बैठक होती. मी प्रयोगवहीत लिहिलेलं मोठ्यानं वाचलं. "औषध सर्व प्लेटांत घातलं. चूक माझी. काचसामान स्वच्छ होतं."

"ठीक आहे, होतं असं कधी कधी," मॅडम म्हणाल्या.

मी केलेली चूक, तर "होतं असं". मावशींनी न केलेली, तर "तुमचे लोक". डोक्यात तिडीक गेली.

"मॅडम, परवा 'तुमचे लोक' म्हणालात ना? त्यातलीच मी." खरं आडनाव सांगितलं. मॅडमच्या कपाळावर आठी आली. लहानपणापासून ओळखीची आहे ती माझ्या.

मावशींना परत घेतलं नाही. मी विनवलं, भांडले, तरी नाही. मी गप्प होते त्या दोन दिवसांत त्यांच्या जागी दुसरी बाई लागली होती. हे पाप माझंच. ते कशानं धुतलं जाणार नाही, आणि मलाही ते धुवायचं नाही.

पुन्हा गॅझेटात देऊन खरं आडनाव परत घेतलं; माझ्या प्रबंधावर तेच आहे. आता 'तुमचे लोक' कानावर पडलं की मी तिथल्या तिथं उठते. समोर कुणीही असो. तिसरा दिवस उजाडू देत नाही.