घुशीसाठी काडतूस

काडतूस निवडण्यात आमच्या मामेसासऱ्यांनी जेवढा वेळ घालवला, तेवढा अख्ख्या मुळशी तालुक्यात कुणी मुलीसाठी स्थळ बघण्यातही घालवला नसेल. आणि तोही कशासाठी, तर घुशीसाठी. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मुठा खोऱ्यात त्यांची भाताची खाचरं, आणि त्यांच्या राखणीसाठी परवान्याची पॉइंट टू-टू रायफल. रायफल दिसायला रुबाबदार, पण तिची गोळी शेंगदाण्याएवढी. रानडुकराला ती लागली तर ते फक्त चिडणार. ससे, मोर, भेकरं कायद्याच्या पदराआड. राहता राहिली घूस. बांधात बिळं पाडून खाचरातलं पाणी पळवणारी ही मांजराएवढी बया मामांची एकमेव वैरीण होती, आणि तिच्या खोडी त्यांना स्वतःच्या सोयऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक होत्या.

या काडतुसांची एक गंमत असते. त्यांची पेट घेणारी दारू बुडाच्या काठात भरलेली असते आणि ठोका त्या काठावरच बसतो. म्हणजे काठ एकसारखा हवा. म्हणून नवी पेटी आणली की मामा एकेक काडतूस मामींच्या स्टीलच्या ताटात गडगडत सोडत. नीट गेलं ते शहाणं, डुगडुगलं ते वेगळ्या वाटीत. ते ताट मामींनी पुन्हा जेवणात घेतलं नाही. एवढ्यावर भागलं असतं तर ते मामा कसले? प्रत्येक रायफलीला ठरावीकच काडतूस मानवतं, असा त्यांचा सिद्धान्त होता. "जावईबापू, मला इंद्रायणी मानवतो, तुमाला बासमती. रायफलीचं बी तसंच हाय. तिला इचारावं लागतं," असं ते मला सांगत. विचारायचं म्हणजे उंच बांधाला कागद टाचून गोळ्या झाडायच्या आणि भोकं शेजारीशेजारी पडतात की लांबलांब, ते चष्मा लावून बघायचं. आता परवान्यावर वर्षाला ठरावीकच काडतुसं मिळतात. ती सगळी या विचारपुशीत खर्ची पडत, आणि रायफलीला काय मानवतं हे नक्की होईपर्यंत नेमकं तेच संपलेलं असे. घुशी बिचाऱ्या म्हातारपणाने मरत. घरातल्या मांजराने यांच्यापेक्षा जास्त मारल्या असतील, असं मामी पाहुण्यांना मोकळेपणाने सांगायच्या.

एकदा मी त्यांच्याबरोबर पुण्यातल्या दुकानात गेलो होतो. मामांनी दुकानदाराला विचारलं की ही गोळी पाण्यावरून उडते का. त्याची बहुतेक गिऱ्हाईकं रायफल दिवाणखान्यात टांगण्यासाठी घेणारी, त्यामुळे त्याने अदबीने विचारलं, की आपण मगरी मारता का? मामांनी मग त्याला बसवून समजावलं. खाचरात पाणी तुंबलेलं असतं. आडवी मारलेली गोळी पाण्यावर चपट्या दगडासारखी टप्पा घेते आणि कुठल्या कुठे जाते. टोकाला पोकळी असलेली वेगवान गोळी लागताच फुटते, सहसा उडत नाही, पण तिचा आवाज मोठा. हळू जाणारी भरीव गोळी गरीब गाईसारखी, पण नेमकी तीच पाण्यावरून उडते. चहा दोनदा आला. आम्ही एकच पेटी घेऊन निघालो, आणि दुकानदार आम्हाला पार रस्त्यापर्यंत सोडायला आला. आम्ही गेल्याची खात्री करून घ्यायला असावा.

आवाजाची चिंता मामांना पूर्वी नव्हती. मग खोऱ्यात शनिवार-रविवारचे बंगले उगवायला लागले. पहिला बंगला ओढ्यापलीकडे झाला तेव्हा मामांनी कडक आवाजाची काडतुसं सोडली. दुसरा झाला तेव्हा त्याहून मऊ आणली. कुणी तक्रार केली नव्हती. लोक पुण्याहून झोपायला येतात, त्यांची झोप कशाला मोडा, एवढंच त्यांचं म्हणणं. बंगले जवळ येत गेले तशी मामांची गोळी हळूहळू सौम्य होत गेली. एक नियम मात्र त्यांनी कधी मोडला नाही. गोळीच्या पाठीशी माती दिसल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही.

गेल्या पावसाळ्यात गोष्ट हातघाईवर आली. बाकीची खाचरं एकेक करून विकली गेली होती आणि उरलेलं ओढ्याकाठचं खाचर दोन हंगाम घुशीमुळे कोरडं पडलं होतं. घोटावड्याकडच्या कारखान्यात नोकरी करणारा त्यांचा मुलगा वाईट नाही, पण तोही कंटाळला होता. यंदा पाणी टिकलं नाही तर खाचर बंगल्याला द्यायचं, असं त्याने सांगितलं आणि मामांनी होकाराची मान हलवली. पिंजरा लावून झाला होता, बिळात दगड कोंबून झाले होते, आणि विषाला मामांची मनाई, कारण मेलेली घूस घुबडं खातात. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मानवलेलं काडतूस संपू न देता राखून ठेवलं.

त्या संध्याकाळी मी बरोबर होतो. उजेड असतानाच घूस बांधावर आली आणि आमच्याकडे बघत मिशा साफ करत बसली. मामांनी रायफल उचलली. घुशीच्या मागे बंगल्याच्या हिरवळीवर एक बाई योगासनं करत होत्या. मामा वाकून डावीकडे गेले, तर मागे झोपाळा. उजवीकडे गेले, तर मागे नवी काचेची भिंत. वरून मारावी तर खाली पाणी. खाचराला सगळा वळसा घालून ते माझ्यापाशी परत आले आणि काडतूस काढून खिशात टाकलं.

"काडतूस लई बेस हाय, जावईबापू. मारायला बाजूच ऱ्हायली न्हाई."

पुढच्याच झडीत बांध फुटला. दिवाळीनंतर खाचराचा व्यवहार झाला. रायफल मामांनी स्वतः नेऊन पोलीस ठाण्यात जमा केली. राखायचं शेतच नाही तर राखणीची रायफल ठेवणं बरोबर नव्हे, म्हणाले.

परवा मी गेलो होतो, तर ओढ्याकाठच्या नव्या बंगल्याच्या मालकांनी मामांना बोलावून घेतलं होतं. मीही मागोमाग गेलो. माणूस सज्जन. हिरवळ घुशीने उकरली होती, म्हणून त्यांनी छर्ऱ्याची बंदूक आणली होती आणि कुठले छर्रे घ्यावेत ते त्यांना विचारायचं होतं. मामा खुलले. टोकदार छर्रा, चपटा छर्रा, घुशीची चाल, सगळं त्यांनी हातचं न राखता सांगितलं. ते ऐकून मालक भारावले आणि त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "काका, तुमचं शेत कुठे होतं?"

"तुमी उबं ऱ्हायलात ना, तितंच," मामा म्हणाले, आणि त्यांच्या हातातली, बंदुकीबरोबर आलेली छर्ऱ्यांची डबी घेऊन एकेक छर्रा तळहातावर गडगडवून बघू लागले. मालकांना कुठे पाय ठेवावा कळेना. मला मामांचा फार अभिमान वाटला, आणि फार वाईटही वाटलं.