ओट्यावरून केलेली खूण

जेवायची वेळ झाली की बायको माझ्यासमोर येऊन उभी राहते आणि तळहात पोटावरून फिरवते. चहा हवा का, असं विचारायचं असेल तर अंगठा ओठांशी नेते. नातीला हे इतकं जमलंय की शाळेतल्या बाईंची नक्कलही ती मला हातांनीच करून दाखवते. मला ऐकू येत नाही. कानाचं मशीन आहे, पण ते शिट्टी मारतं आणि चार माणसं एकदम बोलली की नुसता कालवा होतो. तरीही मी घरात एकटा पडलेलो नाही. माझ्या वयाचे, कान गेलेले काही जण मी पाहतो. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतात आणि सगळे हसून झाले की हसतात. माझं तसं झालं नाही, ते एका बाईमुळे. त्याच बाईबद्दल मी खोटं बोललो होतो.

तरुणपणी मला वरवट बकालच्या बाजूला एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, सुपरवायझरची नोकरी लागली. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर जायची. शेडमध्ये मशीनच्या दोन ओळी होत्या. मशीनमागच्या उंच ओट्यावर बाया उभ्या राहून कापूस टाकायच्या. पुढून रुई पडायची, खालून सरकी. आवाज असा की शेजारच्याच्या कानाला तोंड लावलं तरी शब्द कळू नये. पहिल्या आठवड्यात मी ओरडून ओरडून घसा बसवला. तेव्हा टोकाच्या मशीनवरची एक बाई माझ्याकडे बघून हसली आणि तिनं गळ्यावरून बोट फिरवून हात हलवला. ओरडू नका, काही उपयोग नाही.

जेवणाच्या सुट्टीत, मशीनं बंद असताना, ती म्हणाली, "साहेब, अठी तोंडानं नाही बोलत कोणी. हातानं बोला."

"मला नाही येत."

"मंग शिका ना. लेकरू बी शिकते."

तिनं शिकवलं. अंगठा ओठांशी म्हणजे पाणी किंवा चहा. पोटावर हात म्हणजे भाकरीची सुट्टी. मिशीला पीळ म्हणजे मालक येतोय. दोन्ही मुठी एकमेकींवर घासल्या की पट्टा घसरला. बोटं थरथरवत वर नेली की आग. कोपरात हात झुलवला की अंगणातल्या झोळीतलं लेकरू रडत असेल, पाजून येऊ का, असं विचारणं. त्यावर मी मान हलवायची. माझ्या मान हलवण्याशिवाय चालू मशीन सोडून कोणी ओट्यावरून उतरायचं नाही, हा नियम होता, आणि तो पाळला जातो की नाही हे बघणं माझं काम होतं.

त्या बाया दिवसभर गप्पा मारायच्या. सासू, नवरा, भाव, लग्नं, सगळं हातांनी. मला ते हळूहळू कळायला लागलं आणि मजा वाटायला लागली. मग एकदा कळलं की माझ्यासाठीही एक खूण आहे. एक बोट नाकावर चष्मा सरकवतं आणि गाल फुगतात. मी रागावलो की गाल फुगवतो, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. ओळीतल्या सगळ्या बायांनी एकामागून एक गाल फुगवले आणि मला सोडून सगळी शेड हसली. आज मलाही हसू येतं. तेव्हा आलं नाही. यांच्या हातांकडे आता बघायचंच नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

आग लागली ती त्याच दिवशी दुपारी. कापसात कधी खडा येतो, कधी खिळा, आणि मशीनमध्ये ठिणगी पडते. मी शेडच्या मधोमध उभा होतो. टोकाच्या ओट्यावर ती दोन्ही हात हलवत होती. हे मला दिसलं. तिची बोटं थरथरत वर जात होती, तेही दिसलं. मी मान झटकली, पाठ फिरवली आणि वजनकाट्याकडे चालू लागलो.

ती शेवटी न विचारता खाली उतरली. धावत आली, माझा दंड धरून तिनं मला गर्रकन फिरवलं. तोवर रुईच्या ढिगातून धूर येत होता. वाळूच्या बादल्या, पाणी, पोती, जे हाती आलं ते घेऊन सगळे धावले. माणसं सगळी वाचली. रुई बरीच जळाली.

संध्याकाळी मालकानं तिला विचारलं, "मशीन सोडून खाली काऊन उतरली?"

"आग लागली म्हून. अगुदर खूण केली, साहेबानं पाह्यलं नाही."

मालक माझ्याकडे वळला. "केली होती का खूण?"

मी म्हणालो, "मला तरी दिसली नाही."

एवढंच. मग गोष्ट अशी झाली की बाईनं मशीन मोकळं सोडलं, म्हणून आग लागली. तिला त्याच दिवशी काढलं. पुढे आसपासच्या कुठल्याच जिननं तिला घेतलं नाही. ती लोकांच्या वावरात मजुरीला जायला लागली. मी मात्र जिनात राहिलो, त्या आवाजात कान घालवले आणि निवृत्त होऊन बुलढाण्याला आलो.

कान गेल्यावर घरात मी आपोआप हात हलवायला लागलो. बायकोनं ती बोली उचलली. एकदा तिनं वहीच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिलं, "ऐकू येत होतं तवा पेपरातून मान वर नाही काढली. आता माह्या तोंडाकडे पाहता तरी." आणि विचारलं, हे शिकवलं कोणी? मी सगळं सांगितलं. तिनं पुन्हा कागद ओढला. "मले काऊन सांगता? तिले सांगा."

आम्ही दोघं एसटीनं त्या बाईच्या गावी गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिची सून बाहेर आली आणि काहीतरी बोलून हसली. बायकोनं नंतर मला सांगितलं, सून म्हणत होती, "आमच्या बुढीले ऐकू नाही येत जी. जिन जाळून आली तवापासून बहिरी."

मी म्हातारीसमोर बसलो. बोटानं चष्मा वर सरकवला आणि गाल फुगवले.

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ती दात नसलेलं तोंड उघडून इतकी हसली की तिचा मुलगाही बाहेर आला. मी माझ्या डोळ्यांकडे बोट केलं, मग बोटं थरथरवत वर नेली. आगीची खूण मी पाहिली होती. खोटं बोललो, याला जिनात खूण नव्हती. म्हणून मी उठलो, तिच्यासमोर उभा राहिलो आणि तेव्हा फिरवली होती तशी मान झटकून पाठ फिरवली. मग पुन्हा तिच्याकडे तोंड करून तिच्या मुलाला आणि सुनेला सगळं तोंडानं सांगितलं. खूण तिनं केली होती, मी पाहिली होती, मालकाला मी खोटं सांगितलं. ती उतरली नसती तर आम्ही सगळे आत जळालो असतो.

म्हातारी माझ्याकडे नाही, सुनेच्या चेहऱ्याकडे बघत होती. सुनेची मान खाली गेली, तेव्हा म्हातारीनं स्वतःच्या कानाला हात लावला, माझ्याकडे बोट केलं आणि काहीतरी मोठ्यानं म्हणाली. बायकोनं ते मला हातांनी सांगितलं आणि घरी आल्यावर कागदावर नीट लिहून दिलं. "आयकलं ना? आता शेजारी बी सांग. आजवर तूच सांगत होती." आणि माझ्याकडे बघून, "मले माईत होतं तुमी पाह्यलं होतं. काट्यापासून येयाले इतका टाइम लागला काय?"

सून चहा ठेवायला आत गेली. मला म्हातारीशी अजून बोलायचं होतं, हातांबद्दल, घराबद्दल, नातीबद्दल, तिनं शिकवलेल्या खुणांमुळे माझं म्हातारपण कसं चाललंय त्याबद्दल. मी बोलतच होतो. बहिरा माणूस किती जोरात बोलतो, हे त्याला कळत नाही. माझ्या मानेच्या शिरा ताणलेल्या तिला दिसल्या असणार. तिनं गळ्यावरून बोट फिरवून हात हलवला आणि मला बसायला पाट सरकवला.

मग आम्ही हातांनी बोलत बसलो.