गोदीची बरणी

आधी नाव लिहिते, मग हकीकत. आज पैनगंगेच्या या बाजूला बसून मी दोन वेळचं खाते आहे ते निवळकाकीमुळे. हे तिचं गावानं पाडलेलं नाव. खरं नाव मी लिहीत नाही, गावाचंही लिहीत नाही. माहूरच्या डोंगराखाली, मोहाच्या झाडांत वसलेलं एक गाव, एवढं पुरे. तिकडे अजून मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य आहे, माझ्या सासरची माणसं आहेत, आणि कोण काय वाचून कुणाला दाखवील याचा नेम नाही. माझी शाळा तिसरीत सुटली. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

काकी दारू काढायची, पण कधी जिभेला लावायची नाही. थेंबभर तळहातावर घ्यायची, दोन्ही हात खसाखसा चोळायची आणि ओंजळ नाकाशी धरून डोळे मिटायची. मग निकाल द्यायची, "कच्ची हाय. निवळू दे." हा शब्द तिच्या तोंडी इतका, की नावच पडलं. दोन जावा भांडत दारात आल्या की म्हणायची, "आधी निवळू द्या, मग बोला." पोराला ताप आला, पावसानं ओढ दिली, म्हैस आटली, सगळ्यावर तेच. गाव हसायचं. पण वैतागलेली बाई उठून शेवटी तिच्याच ओसरीवर जाऊन बसायची.

मी लातूरकडची. काळ्या रानातली, तूर-जोंधळ्यातली. मोहाचं फूल मी पहिल्यांदा पाहिलं ते काकीच्या अंगणात वाळत घातलेलं. माझा नवरा गावच्या गुत्त्यावर नोकर होता. गुत्ता म्हणजे सरकारनं ठेक्यानं दिलेलं दारूचं दुकान. भट्टीवरून उतरलेली दारू तिथं गरम असतानाच विकली जायची आणि नवरा गरम असतानाच प्यायचा. पूर्वी गावाची दारू काकीचा नवरा काढत असे. गुत्तेदार आला आणि त्या घराची भट्टी एका दिवसात चोरी ठरली. तिचा नवरा त्या दुःखात गेला. काकी मात्र मागच्या ओढ्यापाशी थोडी काढत राहिली, बाळंतिणीला चोळायला, देवीच्या निवदाला, कुणाच्या लग्नाला. गाव तोंड मिटून होतं.

तिचं काढणं मी पुष्कळदा पाहिलं. पहिली धार ती जमिनीवर सोडायची. लोक त्या पहिल्या धारेसाठी जीव टाकतात. ही म्हणायची, "ती भुताची. ज्याला भूत व्हायचं त्यानं प्यावी." मागून आलेली मडक्यात घेऊन तोंडाला फडकं बांधायची आणि घराच्या गार कोपऱ्यात ठेवायची. फडक्यातून आधी नुसता उग्र दर्प यायचा, सडलेल्या फुलांचा, नाक झोंबणारा. तो कमी झाला की ती दारू चिनी मातीच्या बरणीत ओतायची. मडक्यात जास्त दिवस ठेवली तर अर्धी मडकंच पितं, असं म्हणायची. बरणीला झाकण, झाकणावर मेण, आणि मग हात लावायचा नाही. हलवायचं नाही. पावसाळा जायचा, थंडी जायची. मेण फोडलं की त्या बरणीतून पहाटे झाडाखाली पडलेल्या ताज्या फुलांचा वास यायचा. एवढा वेळ तो कुठं गेलेला असायचा, मला अजून कळलेलं नाही.

रंग मात्र पाण्याचाच राहायचा. गुत्त्यावर जळका गूळ घालून दारूला तांबूस करत आणि जुनी म्हणून विकत. काकी म्हणायची, "रंग बघून जुनी म्हणणारा माणूस केसाला कलप लावलेल्या म्हाताऱ्याला पोरगी देतो."

तिच्या जुन्या दारूची एक खोड होती. ती लागायची नाही. घशाला कळायचं नाही, डोळ्यात पाणी यायचं नाही. एका लग्नात एक धिप्पाड गाडीवान तांब्या रिकामा करून म्हणाला, "काकी, पाणी पाजून राहिली का आम्हाला?" काकी म्हणाली, "पाणीच हाय बाबा. पी. उठताना तेवढं सांग." तो उठलाच नाही. त्याच्याच गाडीत घालून त्याला घरी नेलं, बैल बिचारे आपले आपण वाट धरून गेले. पोरं किती दिवस त्याला पाणीवाला म्हणत होती. मी हसले तेव्हा काकी मला म्हणाली, "हसू नको. म्हातारी झाली की दारूचे दात पडत्यात, जोर न्हाई जात. कच्ची निदान भुंकती तरी."

पाण्याच्या रांजणाशेजारी एक बरणी वाकळेच्या तुकड्यात गुंडाळलेली असायची. तिला कुणी शिवायचं नाही. काकी रोज तिच्यावरची धूळ पुसायची. ती गोदीची बरणी. गोदी तिची एकुलती लेक. लेकीच्या लग्नाच्या साली भरलेली बरणी, पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली की फोडायची, असं ठरलेलं. गोदी एकदा आली होती. पण बाळंतपणाला नव्हे, पाठीवर वळ घेऊन. काकीनं तेल लावलं, जेवू घातलं आणि परत पाठवलं. "थोडं थांब, निवळंल त्यो." त्यानंतर गोदी आली नाही. तिला सासरच्या विहिरीतून काढल्याचा निरोप आला. बरणी तशीच राहिली.

हे मला शेजारणीनं सांगितलं. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की सगळ्या जगाला निवळू दे म्हणणारी ही बाई माझ्या नवऱ्याबद्दल कधी अवाक्षर बोलत नव्हती. मी मार खाऊन जायची, ती चुलीपुढं जागा करून द्यायची, भाकरी पुढं सरकवायची. लातूरला मी एकदा पळून गेले होते. भावानं चोळीबांगडी करून मला परत आणून सोडलं. त्यानंतर मला माहेर असं उरलं नाही. मोहाच्या वासाचं ते अंधारं घर तेवढं होतं.

चैताचे दिवस होते. आदल्या दिवशी नवऱ्यानं लाकडानं माझा डावा हात मोडला होता, आणि उद्या येऊन उरलेला जीव घेतो, असं बजावून गेला होता. तो बोलून दाखवी ते करी. सकाळीच मी काकीच्या घरात शिरून कणगीमागं बसले. काकीनं हाताला कामट्या बांधल्या. भर दुपारी तो काठी घेऊन आला. ऊन असं की अंगणातली कुत्री सावलीतून हलेनात. काकी उंबऱ्यावर बसली होती.

"काकी, बायको कुठं हाय माझी?"

"हाय की आत. तुझीच हाय, घेऊन जा. पर उन्हाचा आलास लेका, घोटभर पाणी पी आधी."

मला वाटलं, हिनंही सोडलं. मग वाकळ सोडल्याचा आवाज आला, आणि मेण खरवडल्याचा. कणगीमागंसुद्धा तो वास आला. पहाटेच्या फुलांचा.

त्यानं तांब्या तोंडाला लावला. "हे तर… जुनी हाय का काय?"

"गुत्त्यावर कामाला असून वळखंना व्हय?"

"लागत न्हाई की कुठंच."

"म्हातारीला दात नसत्यात लेका. घे आणखी. तुझा गुत्तेदार काय देणार अशी."

तो हसला. बसला. पुढं आपल्याच हातानं ओतून घेऊ लागला. गुत्तेदाराला शिव्या दिल्या, मला दिल्या, एकदा तर काकीच्या पाया पडला. कच्ची पिणाऱ्याला घशाच्या आगीवरून माप कळतं. इथं आग नव्हती. बोलता बोलता तो भिंतीला टेकला, आणि मग काठीवरचा हात गळून पडला.

काकी आत आली. "ऊठ."

मी म्हणाले, "काकी, ती गोदीची बरणी…"

"गोदीचीच होती. गोदीलाच दिली." तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. "दारू निवळती पोरी, माणूस न्हाई निवळत. म्या दारूचं बघून माणसाचं ठरवलं. ऊठ, बाया निघाल्या."

माहूरच्या देवीचं दर्शन करून नदीपलीकडच्या वऱ्हाड मुलखातल्या बायका परत निघाल्या होत्या आणि गावाबाहेर आंब्याखाली टेकल्या होत्या. काकीनं माझ्या कपाळावर त्यांच्यासारखा मळवट भरला, मोडका हात पदराखाली घेतला आणि मला त्यांच्या घोळक्यात सोडलं. नदीला घोट्याएवढं पाणी होतं. अलीकडे निजामाची हद्द, पलीकडे इंग्रजाची. मी मागं वळून बघितलं तेव्हा काकी पाठमोरी चालली होती. त्याच्या उशाशी जाऊन बसायचं होतं तिला, तो मध्येच जागा होऊ नये म्हणून.

मी पुसदेवरून पुढं सरकत गेले. आता लांब एका कापसाच्या जिनात सरकी निवडते. हात वाकडा बसला आहे, पण काम होतं. त्या बायकांतली एक दर चैताला माहूरला जाते आणि येताना खबर आणते.

दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर नवऱ्यानं आबकारीचा जमादार आणला. भट्टी फोडली. मडकी फोडली. घरातल्या सगळ्या बरण्या अंगणात आपटल्या. जे गरम विकतात त्यांच्या घरी धाड आली तर काही सापडत नाही. काकीच्या घरात मुरायला ठेवलेलं सगळं सापडलं. जमादाराला ती एवढंच म्हणाली म्हणे, "फोडा. पर शेवटली दोन मडकी तरी ऱ्हाऊ द्या, निवळायची हायत अजून." तिला तालुक्याला नेलं, कैदेत ठेवलं. सुटून आली तेव्हा घरावर पत्रा उरला नव्हता. आता पहाटे मोहाची फुलं वेचते आणि गुत्तेदाराच्या भट्टीवर नेऊन घालते. त्याच गरम दारूसाठी. हातावर चोळून वास घेणं तिनं सोडलं आहे.

माझ्या नवऱ्यानं दुसरी केली. कोवळी पोर आहे म्हणे, दूरच्या गावची. तिच्या दाराशी काकी रोज दुपारी जाऊन बसते. तिच्याजवळ द्यायला आता बरणी नाही.

काकी, हे तुला कुणी वाचून दाखवणार नाही हे मला माहीत आहे. तरी लिहिते. एका चैतात मी मळवट भरून त्या बायकांबरोबर नदी उतरेन. तुला इकडे घेऊन येईन, आणि दाराआडच्या त्या पोरीलाही. इथं माझी एक खोली आहे, गार कोपरा आहे, दोघी मावतील. नदीचं नाव काढलं की अजून भीती वाटते. ती निवळायची वाट मी बघणार नाही.