श्वास कोठी ठेवू येगळा?

उपकेंद्रातल्या प्रत्येक रजिस्टरमध्ये शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना असतो. रुंदी दोन बोटं. त्यात 'औषध दिले', 'घरी नाही', 'पुन्हा भेट' एवढंच मावतं. खरं काय झालं ते मावत नाही, ते माझ्या डोक्यात साठत जातं. बायको म्हणते, "तुमच्या डोक्यात एकदा धूर फवारणी करून घ्या!" पण किस्से काही मरत नाहीत. एक आठवला की त्याला लागून दुसरा येतोच.

मी फुलसावंगीजवळच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेवक आहे. मोटारसायकलवर गावं आणि तांडे फिरायचे, तापवाल्यांचं रक्त घ्यायचं, पाण्याच्या भांड्यांत डोकावायचं, हे माझं काम. आमचे डॉक्टर सांगलीकडचे. वयाने तरुण, हुशार, आणि बोलायला भलते शुद्ध. तिसरी शेवंताताई, बाजूच्या बंजारा तांड्यावरची आशा कार्यकर्ती. घरोघर जाऊन कोणाला काय झालंय हे शोधणं तिचं काम. शिवाय तांड्याचं मराठी डॉक्टरांना आणि डॉक्टरांचं मराठी तांड्याला समजावणं हेही तिच्याच गळ्यात पडलेलं. मी यवतमाळचा, म्हणून मला दोन्हीकडचं कळतं असा माझा समज होता. तो पुढे मोडीत निघाला.

*

डॉक्टरांचा पहिलाच आठवडा. तांड्यावरचा एक गडी कण्हत आला.

"साहेब, बम ताप हाय. हाडंन् हाड मोडून राह्यलं."

"कुठे पडलात?"

"पडलोच हावो ना साहेब. तीन दिवस झाले."

"कशावर?"

"खाटेवर."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. खाटेवर पडून माणसाची सगळी हाडं कशी मोडतात, हे त्यांच्या पुस्तकात नव्हतं. बिचारे एक्स-रेची चिठ्ठी लिहायला बसले. शेवंताताई पुढे झाली. "साहेब, पडला म्हनजे झोपून हाय. मोडून राह्यलं म्हनजे दुखून राह्यलं."

रक्त तपासायला पाठवलं तर डेंग्यू निघाला. डॉक्टर त्या गड्याला म्हणाले, "अहो, मग सरळ दुखतंय म्हणायचं ना!"

गडी कळवळून म्हणाला, "दुखते कोठी साहेब? मोडूनच राह्यलं!"

*

डेंग्यू निघाला म्हणून तांड्यावर सभा लावली. हा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. म्हणून आठवड्यातून एकदा सगळे रांजण, ड्रम रिकामे करायचे, घासायचे आणि वाळू द्यायचे. आमच्या भाषेत याला 'कोरडा दिवस' म्हणतात.

डॉक्टर उभे राहून खणखणीत आवाजात म्हणाले, "येत्या शनिवारपासून या तांड्यावर प्रत्येकाने कोरडा दिवस पाळायचाच!"

बायांनी टाळ्यांचा कडकडाट केला. एक-दोघींनी तर डॉक्टरांना हात जोडले. माझ्या एवढ्या नोकरीत डासांच्या भाषणाला टाळ्या पडलेल्या मी पाहिल्या नव्हत्या! पुरुषांनी मात्र माना खाली घातल्या. मला वाटलं, लाज वाटली असेल.

शनिवारी गेलो. सगळे ड्रम काठोकाठ भरलेले, आत अळ्या वळवळतायत. तांड्याचे नायक, म्हणजे तिथले प्रमुख, झाडाखाली तोंड पाडून बसलेले.

"नायक, कोरडा दिवस नाही पाळला?"

"पाळला ना भाऊ! सकाळपासून थेंब नाई घेतला कोनी. बाया काठ्या घेऊन बसल्या रस्त्यावर."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग पुन्हा सगळ्यांना गोळा करून समजावलं की माणसं नाही, भांडी कोरडी करायची आहेत. नायकांचा चेहरा उजळला आणि बायांचे उतरले. तेवढ्यात मागून एक जण म्हणाली, "साहेब, दोनी करा ना! ड्रम बी कोरडा अन् दादला बी!"

*

आता याडीचं सांगतो. याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. ही शेवंताताईची सासू, पण सगळा तांडा तिला याडीच म्हणतो. अंगावर आरसे लावलेली कांचळी, म्हणजे चोळी, डोक्यावर ओढणी, आणि मांडीवर सदानकदा शेवंताताईचा आठ महिन्यांचा मुलगा. नातवाला खाली ठेवायची ती फक्त भाकरी थापताना.

शेवंताताई दारोदार सांगत फिरायची, "दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन कमी, तर बेडका तपासून घ्या. टीबी असू शकते." आणि घरी सासू महिनाभर खोकत होती! सांगितलं की याडी म्हणायची, "तू मले शिकवू नको. तमाखूचा खोकला हाय." सून आशा असली म्हणून काय झालं, सून ती सूनच.

शेवटी मी आणि डॉक्टर घरी गेलो. डॉक्टरांनी तिच्या हातात झाकणाची डबी दिली आणि आपल्या शुद्ध मराठीत भरभर सांगितलं, "आजी, उद्या सकाळी उठल्याबरोबर चूळ भरा, खोल खोकून बेडका काढा, या डबीत घाला, झाकण घट्ट लावा आणि केंद्रावर घेऊन या."

याडी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग डबीकडे. मग पुन्हा डॉक्टरांकडे. "याच्यात?" तिने विचारलं.

"हो, याच्यातच."

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमारास याडी हजर. घागरा गुडघ्यापर्यंत ओला, धाप लागलेली. डबी टेबलावर ठेवली. डबी हलली.

डॉक्टरांनी झाकण उघडलं आणि एक बेडूक टुणकन उडी मारून रजिस्टरवर बसला!

"खोलातूनच काढला साहेब," याडी म्हणाली. "विहिरीत उतरावं लागलं. मोठा बेंडका डबीत मावत नव्हता, म्हनून ल्हान आनला. चालीन ना?"

मी खुर्चीवर चढलो होतो. मला बेडकाची किळस आहे, हे इथे कबूल करतो.

"अहो आजी, हा बेडका नाही! तुमच्या छातीतला बेडका!"

याडी पांढरी पडली. दोन्ही हात छातीवर ठेवून हळूच म्हणाली, "माह्या छातीत बेंडका हाय? तवाच रातभर गुडगुड करते बाप्पा!"

पण त्या दिवसापासून तिने तमाखूचं नाव काढलं नाही. बेडूक बाहेर काढायचाच म्हणून दुसऱ्या दिवशी इतकी जीव तोडून खोकली की नमुना एकदम उत्तम आला.

*

रिपोर्ट आला. टीबी.

इथे मात्र माझं हसू गेलं. शेवंताताई केंद्राच्या ओट्यावर बसून रडली. "भाऊ, साऱ्या तांड्याले सांगत फिरली मी. अन् माहं लेकरू महिनाभर त्याईच्याच तोंडाशी!" एवढ्या लहान बाळाला टीबी झाला तर तो मोठ्यांपेक्षा वाईट असतो, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

आम्ही तिच्या घरी गेलो तर याडीने आमच्या आधीच बंदोबस्त करून ठेवलेला. ताट वेगळं, वाटी वेगळी, पेला वेगळा. तिन्हींना लाल दोरा बांधलेला, कोणी चुकून घेऊ नये म्हणून. आणि बाळ? मांडीवर!

"आजी, टीबी ताटाने पसरत नाही," डॉक्टर म्हणाले. "खोकल्यातून, श्वासातून पसरतो. बाळ दूर ठेवा."

याडीने त्या लाल दोऱ्यांकडे पाहिलं. "ताट येगळं ठेवता येते साहेब. श्वास कोठी ठेवू येगळा?"

डॉक्टरांनी तोडगा सांगितला. काही आठवडे याडीने उघड्या ओसरीत झोपायचं, दारंखिडक्या उघड्या ठेवायच्या, गोळी एक दिवस चुकवायची नाही आणि बाळाला घ्यायचं नाही. शेवटच्या वाक्यावर याडी जागची उठून आत निघून गेली.

*

घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची असते. त्यासाठी मी फॉर्म भरायला बसलो. याडी ओसरीच्या टोकाला, बाळ आत पाळण्यात.

"घरात कोण कोण?"

"मी. पोरगा. सून." मग थांबली. "अन् एक मोठे मानूस हायत."

"नाव?"

"त्याईचं नाव मी घेत नाई."

मला वाटलं, कोणी म्हातारे दीर वगैरे असतील. मी लिहिलं, 'मोठे माणूस'. "त्यांना खोकला आहे?"

"नाई."

"जेवण?"

"दूधच घेतेत."

"चालता येतं?"

"नाई. रांगतेत."

अरेरे, म्हटलं, अगदीच थकलेले दिसतात. फार वाईट वाटलं. "वय किती असेल?"

"आठ महिने."

मी पेन खाली ठेवलं. शेवंताताईने आतून खुलासा केला. बाळाचं नाव फुलसिंग. ते याडीच्या सासऱ्याचं नाव. म्हातारा गेल्यावर घरात पहिला मुलगा झाला, म्हणून तांडा म्हणाला, म्हाताराच परत आला. आता सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नसतं. म्हणून याडी नातवाला आठ महिन्यांपासून 'ते', नाहीतर 'मामाजी', म्हणजे सासरेबुवा, म्हणत होती. मांडीवर घेऊन!

ती नोंद शेऱ्याच्या रकान्यात कशी बसवू, हे मला अजून कळलेलं नाही.

*

बाळाच्या तपासण्या झाल्या. आजार निघाला नाही. होऊ नये म्हणून त्याचं प्रतिबंधाचं औषध सुरू झालं. पण याडी खोकताना तोंड झाकेना. मास्क दिला की कान दुखतात म्हणून काढून ठेवायची, आणि ओसरीतून आत बाळ दिसलं की त्याच्याकडे तोंड करून खुशाल खोकायची.

डॉक्टर म्हणाले, "निदान खोकताना ओढणी तरी तोंडावर घ्या ना आजी. तिचे पदर दुमडून."

याडीला राग आला. "घुंगट मोठ्यासमोर घेतेत साहेब. या घरात मीच मोठी. कोनासमोर घेऊ? सुनेसमोर?"

घुंगट आणि खोकला यांचा संबंध कसा जोडायचा, हे कोणत्याच प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं.

तेवढ्यात दाराआडून शेवंताताई अगदी साध्या आवाजात म्हणाली, "काहून? ते मोठे मानूस हायत ना घरात."

पाळण्यात फुलसिंग पायाचा अंगठा चोखत होता. याडीने पाळण्याकडे पाहिलं. मग ओढणी ओढली, थेट हनुवटीपर्यंत, पाठ फिरवली आणि घुंगटाच्या आड खोकली.

त्यानंतर आम्ही कधीही गेलो तरी बाळ दिसलं की घुंगट खाली! डॉक्टर बाकीच्या तांड्यांवर सांगायला लागले, "याडीसारखं करा."

*

दोन महिने गोळ्या झाल्या. एकही चुकली नाही. याडीच्या अंगावर मांस दिसू लागलं, खोकला गेला. पुन्हा नमुना पाठवला आणि रिपोर्ट घेऊन आम्ही तिघंही तिच्या घरी गेलो. ओसरीत फुलसिंग चटईवर बसलेला. आता दहा महिन्यांचा, गुटगुटीत. याडी चार हात लांब, घुंगटात.

"आजी, रिपोर्ट निगेटिव्ह!" डॉक्टर आनंदाने ओरडले.

"म्हनजे वाईट का?" घुंगटातून आवाज आला.

"चांगलं! जंतू दिसत नाहीत. गोळ्या मात्र पूर्ण करायच्या, मधेच सोडायच्या नाहीत. पण आता नातवाला घ्या. मांडीवर घ्या!"

याडी हलली नाही.

"घ्या ना आजी."

"कशी घेऊ साहेब?" ती म्हणाली. "घुंगट घेतल्यावर सासऱ्याले मांडीवर घेतेत का कोनी?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेवंताताईकडे. घुंगट घ्यायला तिनेच लावलं होतं, काढायचा कसा हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिचे डोळे भरून आले. आत्तापर्यंत मी इतका गोंधळलेला कधी नव्हतो. दोन महिने त्या बाईने नातवाला हात लावला नव्हता.

फुलसिंगला मात्र कसलाच गोंधळ नव्हता. तो रांगत रांगत ओसरीच्या टोकाला गेला. घुंगटाच्या काठाला आरसे लावलेले होते, ते उन्हात चमकत होते. त्याने मुठीत काठ धरला आणि जोरात ओढला. ओढणी याडीच्या खांद्यावर आली.

याडीने त्याच्याकडे पाहिलं. तो हसला. मग तिने त्याला दोन्ही हातांनी उचललं आणि आमच्या तिघांच्या देखत त्याला म्हणाली,

"पाह्यलं ना सगळ्याईनं? तुमीच घुंगट काढला, मामाजी. माही चूक नाई."