भिंतीला चिकटलेला शेवट

मुगाला मोड आले की फडक्याला एक ओला, हिरवट वास येतो, आणि मला एक गोष्ट आठवते, जिचा शेवट मी वाचलाच नाही. तेव्हा नागपुरात आमच्या गल्लीत बायकांचं एक मासिक पाच घरांत फिरायचं. त्यातल्या नायिका बहुधा गोऱ्या, आणि संकट दिसलं की चक्कर येऊन पडणाऱ्या. त्या महिन्यातली वेगळी होती. तिला परगावच्या शाळेत नोकरी लागली होती आणि सासरचे नको म्हणत होते. माझ्या ट्रंकेतही तशाच नोकरीचं पत्र होतं, घरचा नकारही तसाच, आणि उत्तराला तीन दिवस उरलेले. मासिक आलं, तर शेवटचं पान कापलेलं. भर उन्हात मी आधीच्या वाचक, शेजारच्या काकूंकडे धावले. काकांचं तेल-तिखट डॉक्टरांनी बंद केलं होतं, म्हणून पानामागची मुगाच्या धिरड्यांची कृती काकूंनी ओट्यावरच्या भिंतीला खळीनं पक्की चिकटवली होती. मी नखानं कोपरा उचकटायला लागले. "काहून वं, भिंत खरवडून राहिली?" काकू म्हणाल्या. "शेवट पाहिजे ना तुले? गेली ते नोकरीवर. बस, धिरडं खा." संध्याकाळी मी होकाराचं पत्र टाकलं. आठवड्यानं सासूबाई कुरकुरल्या, "मले तर शेजारीण म्हणे, गोष्टीतली पोरगी घरीच राहिली." धिरडी मी अजून काकूंसारखीच करते, खरा शेवट कोणता, हे मात्र त्यांना कधी विचारलं नाही.