गोठ्याची कोयती

आमचे घर खाडीला लागून. पावसाळ्याआधी सासूबाई बियाण्याचे भात माळ्यावर चढवीत, कोंबड्यांचे डालगे उंच टांगत, आणि शेवटी गोठ्याच्या खांबाला एक कोयती खोचून ठेवीत. खोचल्यावर दोनदा हलवून बघत. काथ्याचे दावे भिजले की गाठ सुटत नाही. पुराच्या वेळी ते कापूनच जनावर मोकळे करावे लागते. म्हणून ती कोयती दुसऱ्या कामाला घ्यायची नाही. मुंबईहून रजेवर आले तरी हेसुद्धा तिला हात लावीत नसत.

गोवा मोकळा झाला, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. श्रावणी सोमवार होता. नैवेद्याला केळीची पाने हवी होती आणि घरातली कोयती सापडेना. कुणाला काही विचारायला मला तेव्हा फार जड जाई. मी खांबाची कोयती काढली, पाने कापली, आणि ती केळींपाशीच विसरले.

दुपारी उधाणाची भरती आणि डोंगरावरचे पाणी एकदमच आले. केळी अर्ध्या बुडाल्या. सासूबाई गोठ्यात धावल्या, मी त्यांच्या मागे. आमची एकच गाय, पहिल्यांदा गाभण. पाणी तिच्या पोटाला लागले होते, आणि दावे आखूड, त्यामुळे तिला मान वर करता येईना. सासूबाईंचा हात खांबावर गेला.

"कोयती खंय गो?"

मी केळींकडे बघितले. त्यांना कळले.

"विळी हाड, चेडवा," एवढेच म्हणाल्या.

त्यांनी गाईचे तोंड दोन्ही हातांनी उचलून धरले आणि मी विळी आणून तिने दावे घासत राहिले. बोट कापलेले मागाहून दिसले. पाणी आमच्या कमरेवर आले तेव्हा दावे तुटले. गाय पोहत उंचावरच्या कातळाच्या, सड्याच्या वाटेला लागली, आणि आम्ही दोघी तिची शेपटी धरून मागे.

सड्यावर सगळ्यांची गुरे आधीच पोचली होती. एक शेजारीण सासूबाईंना म्हणाली, "आमका शिकयतस, नि तुझीच गाय मागे कशी रवली?"

"कोयती मीच इसारलंय," सासूबाई म्हणाल्या. "म्हातारी झालंय आता."

मी खाली मान घालून गाईच्या पाठीवरचे पाणी निपटत राहिले.

पूर ओसरल्यावर कोयती केळीच्या बुंध्याशी चिखलात सापडली. धुऊन मी ती त्यांच्यापुढे धरली. त्यांनी घेतली नाही.

"तूच लाय," म्हणाल्या.

मी खांबाला खोचली. त्यांनी ती हलवून बघितली नाही. गाईला गवत घालायला गेल्या.